विश्लेषण : गावांना मळ्यांची नावे आणि घरे समुद्रपातळीच्या खाली… गयानातील किनारी गावे कशी वसली?

२७ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने इंग्लंडचा ६८ धावांनी पराभव केला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला, मध्ये थांबलाही. रोहित शर्माच्या ५७ धावा आणि अक्षर-कुलदीप जोडीची फिरकी क्रिकेटप्रेमींच्या लक्षात राहिली. हा सामना झाला ते मैदान गयानातील प्रॉव्हिडन्सचे. प्रॉव्हिडन्स हे कुणा खेळाडूचे वा नेत्याचे नाव नाही, तो डेमेरारा नदीकाठचा एक जुना ऊसमळा. २००७ च्या विश्वचषकासाठी भारत सरकारच्या मदतीने तिथे स्टेडियम उभे राहिले आणि ते बांधले मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने. कॅफेत कॉफीसोबत मिळणाऱ्या तपकिरी साखरेवर छापलेले ‘डेमेरारा’ हे नावही याच नदीचे. गयानाच्या किनाऱ्यावरची बहुतेक गावे अशीच कुठल्या ना कुठल्या मळ्याच्या नावाने ओळखली जातात. ही गावे कशी वसली आणि आज त्यांच्यापुढे कोणता प्रश्न आहे, याविषयी.

नकाशावर गावे पट्ट्यापट्ट्यांची का दिसतात?

गयाना हा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश भरेल एवढा देश. लोकसंख्या मात्र नऊ लाखांच्याही आत. त्यातील सुमारे ९० टक्के लोक अटलांटिक महासागरालगतच्या एका अरुंद पट्टीत राहतात. उपग्रह नकाशात ही पट्टी पाहिली तर गावे फूटपट्टीने आखल्यासारखी दिसतात. प्रत्येक गाव समुद्राकडे अरुंद आणि आत मैलोन् मैल लांब. एक गाव संपते तिथे सरळ रेषेत कालवा, पलीकडे दुसरे गाव.

ही आखणी डच मळेवाल्यांची. १८ व्या शतकात डेमेरारा, बर्बिस आणि एसेक्विबो या तीन नद्यांच्या काठी डच वसाहती होत्या. मळ्यासाठी जमीन देताना प्रत्येकाला किनाऱ्याचा थोडासा तुकडा मिळेल अशी पट्टी मोजून दिली जाई. किनाऱ्यालगत साधारण ३०० ते ४०० मीटर रुंदी आणि मागे जवळपास तीन किलोमीटर खोली. पुढे मागची जमीनही जोडून मिळे, म्हणून पट्टी आणखी लांबत जाई. पुढे इंग्रज आले. १८१४ मध्ये वसाहती रीतसर त्यांच्याकडे गेल्या आणि १८३१ मध्ये एकत्र करून ‘ब्रिटिश गयाना’ झाली, पण पट्ट्या तशाच राहिल्या.

नावेही राहिली. व्रीड-एन-हूप म्हणजे डच भाषेत ‘शांती आणि आशा’. फ्रेंच मालकांनी मोन रेपो, म्हणजे ‘माझा विसावा’, असे नाव ठेवले. इंग्रजांचे सक्सेस, एंटरप्राइज, बेटर होप. मालकांच्या स्वप्नांची ही नावे आज बसथांब्यांवर वाचायला मिळतात. त्या विसाव्यात राबणाऱ्यांना विसावा किती मिळत असेल, हा प्रश्न नकाशा वाचताना मनात येतोच.

समुद्राखालची जमीन लागवडीखाली कशी आली?

ॲमेझॉन नदी समुद्रात ओतते तो गाळ प्रवाहाबरोबर किनाऱ्याने वायव्येकडे सरकत जातो आणि गयानाच्या किनाऱ्यावर बसतो. त्यामुळे इथली माती चिकण, जड आणि सुपीक. पण ती इतकी सखल की राजधानी जॉर्जटाउनसह किनारपट्टीचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा साधारण मीटरभर खाली आहे. समोर समुद्र आणि मागे दलदल. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी.

डचांनी मायदेशातली युक्ती इथे वापरली. समुद्राच्या बाजूला एक बांध, मागच्या दलदलीच्या बाजूला दुसरा, दोन्ही कडांना आणखी दोन. असा चौकोन झाला की आत कालव्यांच्या दोन वेगवेगळ्या जाळ्या. एक जाळे वरच्या पातळीचे. त्यात मागच्या दलदलीतले गोडे पाणी आणायचे, ते उसाला द्यायचे आणि त्यातूनच ऊस भरलेल्या सपाट तळाच्या होड्या कारखान्यापर्यंत ओढत न्यायच्या. दुसरे जाळे खालच्या पातळीचे, शेतातले जादा पाणी समुद्राकडे नेणारे. दोन्ही एकमेकांना समांतर धावतात, पण त्यांचे पाणी एकमेकांत मिसळू द्यायचे नाही.

खालच्या जाळ्याच्या तोंडाशी असते ‘कोकर’. शब्द डच, पण आज गयानात सर्वांच्या तोंडी असलेला. हा लाकडी वा लोखंडी झडपेचा दरवाजा ओहोटी लागली की वर उचलायचा, आतले पाणी आपोआप समुद्रात उतरते. भरती चढू लागली की खाली सोडायचा. दिवसातून दोन ओहोट्या, म्हणजे निचऱ्याच्या दोनच संधी, त्याही मोजक्या तासांच्या.

कोकणातल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठी खारबंदिस्तीत जी उघाडी असते, गोव्याच्या खाजण शेतीत ज्याला मानस म्हणतात, त्याचेच हे भावंड. फरक एवढाच की कोकणात बांध गावाने घातला आणि गावाने राखला. गयानात बांध आधी आला, गाव नंतर.

हे सगळे खोदले कुणी?

आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. साखर उद्योगाच्या चौकशीसाठी १९४८ मध्ये नेमलेल्या व्हेन आयोगाने याचा हिशेब मांडला. एक चौरस मैल ऊसलागवडीसाठी ४९ मैल निचऱ्याचे चर आणि कालवे लागतात, शिवाय १६ मैल वरच्या पातळीचे जलमार्ग. हे मुळात उभारताना गुलामांनी किमान १० कोटी टन माती हलवली असावी, असा आयोगाचा अंदाज होता. साधन कोणते, तर लांब दांड्याचे फावडे. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी आपल्या ग्रंथात हे आकडे ठळकपणे मांडले आणि किनारपट्टीच्या इतिहासाची सुरुवात मालकांच्या नावांऐवजी या मातीपासून केली. १९८० मध्ये जॉर्जटाउनमध्ये बॉम्बस्फोटात रॉडनी यांची हत्या झाली.

हे काम निमूटपणे झाले असेही नाही. ऑगस्ट १८२३ मध्ये डेमेराराच्या पूर्व किनाऱ्यावर १० हजारांहून अधिक गुलामांनी उठाव केला. सक्सेस मळ्यावरचा सुतार क्वामिना आणि त्याचा मुलगा जॅक ग्लॅडस्टन ही त्यातली प्रमुख नावे. शेकडो मारले गेले. सक्सेसचा मालक होता जॉन ग्लॅडस्टन, पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. गुलामगिरी रद्द झाल्यावर ब्रिटिश सरकारने भरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना. एकूण २ कोटी पौंड. त्यापैकी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम एकट्या जॉन ग्लॅडस्टन यांना मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या वंशजांनी गयानात येऊन जाहीर माफी मागितली.

मग मजुरांनी मळेच विकत कसे घेतले?

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण पुढची चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबणे सक्तीचे होते. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ची. या चार वर्षांत ठरलेल्या तासांच्या वर काम केले तर मजुरी मिळे. शिवाय परसातला भाजीपाला, कोंबड्या बाजारात विकून थोडे पैसे साठत.

नोव्हेंबर १८३९ मध्ये पाच मळ्यांवरच्या ८३ जणांनी आपली पुंजी एकत्र केली आणि नॉर्थब्रूक नावाचा ५०० एकरांचा मळा ३० हजार गिल्डरना विकत घेतला. नाणी हातगाड्यांत भरून नेली, अशी आठवण गावात सांगितली जाते. मळ्याचे नाव बदलून व्हिक्टोरिया ठेवले. पुढच्याच वर्षी १२८ जणांनी न्यू ऑरेंज नासाउ हा मळा ५० हजार डॉलरना घेतला. गुलामगिरीविरोधात ब्रिटिश संसदेत लढलेल्या थॉमस फॉवेल बक्सटन यांच्यावरून त्याचे नाव बक्सटन झाले. मग शेजारचे फ्रेंडशिप, प्लेझन्स अशी रांगच लागली.

मालकांनी मळे विकले कारण ते तोट्यात होते. या किनाऱ्यावर आधी कापूस आणि कॉफीही होती. अमेरिकी कापसापुढे इथला कापूस टिकला नाही आणि नॉर्थब्रूकसारखे कापसाचे मळे ओस पडले. साखरेच्या मळ्यांवर मिळवलेल्या मजुरीतून मजुरांनी हे पडीक मळे घेतले. त्यामुळे आजही किनारी रस्त्याने जाताना आलटूनपालटून एक गाव, एक इस्टेट अशी रचना दिसते.

जमीन मिळाली, तर अडचण कुठे आली?

पाण्यात. मळ्याचा मालक एक असतो. त्याने सांगितले की शंभर माणसे कालव्यात उतरतात, कोकरची दुरुस्ती होते, खर्च साखरेतून निघतो. गावाचे मालक ८३. त्यांची मुले, नातवंडे धरली की काही शे. जमीन अविभाज्य, सर्वांची मिळून. कोकणात ज्यांच्या सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावे आहेत, त्यांना कालव्याची साफसफाई कुणी करायची यावर एकमत होणे किती कठीण असते हे वेगळे सांगायला नको. जमीन विकत घेण्यात पुंजी संपलेली होती. बांध, कालवा आणि कोकर राखायला पैसा उरला नव्हता. तीच यंत्रणा नीट नसेल तर शेत आणि घर दोन्ही पाण्याखाली.

वसाहतीच्या सरकारने मदत करण्याऐवजी दार अरुंद केले. मजूर स्वतःच्या जमिनीवर स्थिरावले तर मळ्यांना स्वस्त हात मिळणार नाहीत, ही मालकांची भीती होती आणि कायदेमंडळात त्यांचेच वजन होते. १८५० च्या दशकातील कायद्यांनी एकत्र जमीन घेणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली. आधी २०, मग १०. म्हणजे व्हिक्टोरिया किंवा बक्सटनसारखी खरेदी पुन्हा होणे बंद झाले. जी गावे होती त्यांच्यावर रस्ते आणि निचऱ्यासाठी कर बसले. शेजारच्या मळ्यांनी आपले जादा पाणी गावाच्या हद्दीत सोडल्याच्या तक्रारी तर पुन:पुन्हा येत राहिल्या.

बक्सटनची एक कथा गयानात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दक्षिण अमेरिकेतील पहिल्या रेल्वेपैकी एक याच किनाऱ्याने १८४० च्या दशकात धावू लागली. कराच्या प्रश्नावर गव्हर्नर भेटत नाहीत म्हणून बक्सटनच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, रुळांवर ठाण मांडून त्यांची गाडी अडवली. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण ‘गाडी थांबवणारे गाव’ ही ओळख कायम आहे.

भारतीयांची गावे वेगळी कशी?

मजूर मळे सोडून जातील हे जॉन ग्लॅडस्टन यांनी आधीच हेरले होते. १८३६ मध्येच त्यांनी कोलकात्याच्या एका कंपनीला पत्र लिहून करारबद्ध मजूर मागवले. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे गयानाला पोहोचली. त्यातील काही मजूर ग्लॅडस्टन यांच्याच व्रीड-एन-हूप मळ्यावर गेले. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय इथे आले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले, काही मद्रास इलाख्यातले. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी गिरमिटियांची वाट मुख्यतः मॉरिशसकडे होती. मात्र ही प्रथा संपवण्याच्या प्रयत्नात एक मराठी नाव ठळक आहे. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात गिरमिट रद्द करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढे तो फेटाळला गेला, पण पाच वर्षांनी भरती थांबली.

गिरमिटिया राहत ते ‘लोजी’त. गुलामांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकी, एका खोलीत एक कुटुंब, समोर उघडे गटार. करार संपल्यावर परतीचे तिकीट सोडून दिले तर जमीन देण्याच्या योजना सरकारने आणल्या. १८९० च्या दशकात हेलेना, व्हिम, बुश लॉट अशी गावे या पद्धतीने वसली. भारतीयांनी तिथे भात लावला. पाणी कसे धरायचे आणि कसे सोडायचे, हे भातशेतीला उसाइतकेच लागते. पण लोजीतून खरी सुटका झाली ती खूप उशिरा, दुसऱ्या महायुद्धानंतर. जून १९४८ मध्ये एन्मोर मळ्यावर संपकरी मजुरांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात साखरेवरील उपकरातून उभारलेल्या कल्याण निधीतून मजुरांना घरासाठी भूखंड मिळू लागले आणि मळ्यांच्या कडेने नव्या वस्त्या उभ्या राहिल्या.

म्हणजे एकाच किनाऱ्यावर दोन प्रकारची गावे झाली. पुंजी जमवून मळे विकत घेतलेल्या आफ्रिकींची आणि मळ्याच्या कुशीत किंवा सरकारी भूखंडावर वाढलेल्या भारतीयांची. मध्ये एखादा कालवाच. १९६० च्या दशकात वांशिक दंगली उसळल्या तेव्हा मिश्र वस्त्या रिकाम्या झाल्या. बक्सटनमधली भारतीय कुटुंबे शेजारच्या ॲनानडेल-लुझिन्यानकडे गेली, तिकडची आफ्रिकी कुटुंबे बक्सटनला आली. त्या जखमेचा व्रण राजकारणात अजून आहे.

ऊसमळ्यावरून इतके क्रिकेटपटू कसे?

बर्बिसमधल्या पोर्ट मुराँ या एका मळ्याने वेस्ट इंडिजला रोहन कन्हाय, बेसिल बुचर, जो सॉलोमन आणि आल्विन कालिचरण दिले. १९५० च्या दशकात साखर उत्पादकांनी बार्बाडोसच्या क्लाइड वॉलकॉट यांना मळ्यांवरील क्रिकेट संघटित करण्यासाठी आणले, त्याचा हा परिणाम. सुनील गावस्कर यांनी आपल्या मुलाचे नाव रोहन ठेवले ते याच कन्हायवरून. गावस्करांचे पहिले कसोटी शतकही १९७१ मध्ये जॉर्जटाउनच्याच मैदानावरचे. देशाचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले छेदी जगन यांचा जन्मही १९१८ मध्ये पोर्ट मुराँचाच.

आणखी एक ओळखीचे नाव. गयानातील बहुतेक मळे शेवटी ज्या कंपनीच्या हाती एकवटले ती बुकर. १९६९ पासून दिला जाणारा बुकर पुरस्कार याच कंपनीने सुरू केला. १९७६ मध्ये गयाना सरकारने बुकरचे मळे ताब्यात घेतले आणि ‘गायसुको’ ही सरकारी साखर कंपनी उभी राहिली.

२००५ मध्ये काय घडले?

मुंबईकरांना २००५ आठवते ते २६ जुलैसाठी. गयानात तो दिवस जानेवारीतच उजाडला होता. डेमेराराच्या पूर्व किनाऱ्यावर अभूतपूर्व पाऊस झाला. गावांच्या मागे, मळ्यांना पाणी पुरवण्यासाठी १९ व्या शतकात बांधलेला मातीच्या बांधाचा मोठा जलाशय आहे. तो तुडुंब भरून वाहू लागला. समोरून भरती, मागून जलाशय आणि कालवे गाळाने व पाणवनस्पतींनी भरलेले. कितीतरी गावांत पाणी आठवडेच्या आठवडे हलले नाही. लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. देशातील सुमारे ३७ टक्के लोकसंख्येला थेट फटका बसला आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक, ५९ टक्के इतके मोजले गेले. बांध फुटला असता तर काय, या विचाराने नंतर होप इथे जलाशयातून थेट अटलांटिकमध्ये पाणी सोडणारा नवा कालवा खोदला गेला. २०२१ मध्ये पुन्हा देशाच्या सर्व दहा विभागांत पूर आला.

साखर थांबली, तर पंप कोण चालवणार?

सध्याचा खरा पेच हा आहे. इस्टेट चालू असते तेव्हा ती आपले कालवे उपसते, पंप चालवते, कोकर सांभाळते. शेजारची गावे त्याच जाळ्यावर असल्याने त्यांचाही निचरा होतो. गावाने कधी पैसे मोजले नाहीत, इस्टेटने कधी वेगळा हिशेब ठेवला नाही. २०१६ च्या अखेरीस वेल्स आणि २०१७ मध्ये स्केल्डन, रोझ हॉल व एन्मोर येथील साखर उत्पादन थांबले. सुमारे सात हजार मजुरांचा रोजगार गेला, त्याची चर्चा झाली. पण इस्टेटबरोबर पाण्याचा रखवालदारही गेला, हे गावांना पहिल्या पावसाळ्यात कळले. निचऱ्याचा भार सरकारी जलनिस्सारण यंत्रणेवर आणि तुटपुंज्या निधीच्या स्थानिक परिषदांवर आला. २०२० मध्ये सत्तांतर झाल्यावर बंद मळे सुरू करण्याचे आश्वासन मिळाले आणि २०२३ मध्ये रोझ हॉलचा कारखाना पुन्हा चालू झाला.

दुसरीकडे समुद्र वर येतो आहे. कोकर ओहोटीच्या वेळी गुरुत्वाकर्षणावर चालतो. बाहेरचे पाणी जितके वर, तितका दरवाजा उघडा ठेवण्याचा वेळ कमी. काही सेंटिमीटरच्या वाढीनेही दिवसाचा निचरा घटतो आणि ती तूट पंपाने, म्हणजे डिझेलने भरून काढावी लागते. त्यात गाळाचे किनारे स्वतः सरकत असतात. एका गावासमोर गाळ साचून कोकरचे तोंड बुजते, तर दुसऱ्यासमोर किनारा खचून लाटा थेट बांधावर आदळतात. २०१० पासून खारफुटीची लागवड सुरू आहे ती या लाटांचा जोर मोडण्यासाठी. जिथे गाळ टिकतो तिथे खारफुटीही टिकते, इतरत्र दगडी भिंतीला पर्याय नाही.

पैसा आता आहे. २०१५ मध्ये समुद्रात खनिज तेल सापडले, डिसेंबर २०१९ पासून उत्पादन सुरू झाले आणि गयाना जगातील सर्वात वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये गणला जाऊ लागला. त्या पैशातून नवे पंप बसत आहेत, रुंद रस्ते होत आहेत आणि जुन्या उसाच्या जमिनींवर घरांच्या वसाहती उभ्या राहत आहेत. वेल्सच्या बंद इस्टेटवर समुद्रातून वाहिनीने येणाऱ्या वायूवर चालणारा वीजप्रकल्प उभा राहत आहे. नव्या वसाहतींचे सांडपाणीही मात्र त्याच जुन्या चरांतून, त्याच कोकरपर्यंत जायचे आहे. ज्या शेतात पूर्वी पाणी काही दिवस थांबले तरी ऊस तग धरत असे, तिथे आता लोकांची घरे आहेत.